रात्री दोनला जाग येते, कोणती वनस्पती घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, कोल्हापूर. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रात्री दहाला झोप लागते, पण दोनच्या सुमारास जाग येते, मान आणि पाठ घामाने ओली असते, मग चारपर्यंत डोळा लागत नाही. थायरॉइडची आणि बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून झोपेसाठी रोज क्लोनाझेपामची अर्धी गोळी घेते, ती सोडायची आहे. यजमान म्हणतात मी घोरते. अश्वगंधाचं चूर्ण आणून ठेवलंय, शेजारच्या काकूंनी सर्पगंधाच्या गोळ्या सुचवल्या आहेत आणि अंगणात तगरही आहे. पुढच्या महिन्यात मुलाकडे दुबईला जायचंय, तिकडे नेता येईल असं काही सांगा. नातू सात महिन्यांचा आहे, तोही रात्री रडतो. त्याला जायफळ उगाळून द्यावं का?

ताई, तुम्ही बारीकसारीक तपशील दिलेत म्हणून मला नेमकं बोलता येतंय. साताऱ्यात २७ वर्षं आयुर्वेदाची चिकित्सा करते आहे. या काळात झोपेसाठी आलेल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या हातात चूर्णाचा एखादा डबा आधीच असायचा, कुणी तरी सुचवलेला. वाईट इतकंच की तो डबा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी झोपेसाठी बरोबर असायचा.

सगळ्यात आधी गोळीचं बोलू. क्लोनाझेपाम एकदम बंद करू नका. दोन वर्षं रोज घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, आणि काहींना फिट येते. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांच्याच सल्ल्याने ती आठवड्या-आठवड्यांनी कमी करत आणायची असते. कुठलीही वनस्पती या उतरणीला पर्याय होऊ शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, गोळी कमी करण्याचा आराखडा हातात नसेल तर मी पोटातून औषध सुरू करत नाही.

दुसरं, तुमचं घोरणं. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वाढतो. घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकून जागा करतो, अंगाला घाम फुटतो. बीपी नीट ताब्यात न येण्यामागेही पुष्कळदा हेच असतं. यजमानांना दोन-तीन रात्री जागून एवढंच बघायला सांगा: घोरणं मध्येच थांबतं का, आणि मग मोठ्याने श्वास घेऊन पुन्हा सुरू होतं का? सकाळी डोकं जड असतं का, दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते का, हेही लक्षात ठेवा. उत्तर ‘हो’ असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. कोल्हापुरात ती होते, हल्ली घरी यंत्र लावूनही होते. श्वास अडकत असेल तर गुंगी आणणारी गोळी आणि त्यावर गुंगी आणणारी मुळी, दोन्ही नुकसान करतात. घसा आणखी सैल पडतो.

आता वनस्पतींकडे येते. ‘झोप येत नाही’ एवढ्या वाक्यावर वनस्पती निवडता येत नाही. मी विचारते, आडवं झाल्यावर डोळा लागायला वेळ लागतो, की लागलेली झोप मध्ये तुटते, की पहाटे चारला टक्क जाग येते? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१व्या अध्यायात सांगितलंय की मन थकलं आणि इंद्रियं आपापल्या विषयांतून मागे फिरली की माणूस झोपतो. म्हणजे झोप ही आपोआप होणारी गोष्ट आहे, तिच्या आड काय येतंय ते शोधायचं. कुणाच्या आड काळजी येते, कुणाच्या आड दुखणारे गुडघे, कुणाच्या आड संध्याकाळी सहाचा चहा. त्याच अध्यायात झोप आणण्याचे उपाय दिलेत. त्यात अंगाला तेल, स्नान, दूध, तांदूळ, मनाला आवडणारे वास आणि आवाज, अंग चेपून घेणं, चांगलं अंथरूण, असं सगळं आहे. चूर्णं-काढे त्या यादीत जवळजवळ नाहीतच. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं.

तुमची झोप लागते, टिकत नाही. आणि जाग घामासकट येते. म्हणून तुमच्या बाबतीत संशयित तीन: श्वास अडकणं, पाळी गेल्यानंतरचे उष्णतेचे झटके, आणि थायरॉइडची गोळी जरा जास्त होणं. तिसरं लोकांच्या ध्यानातच येत नाही. थायरॉक्सिनचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला की छाती धडधडते, घाम येतो, झोप तुटते, आणि माणूस झोपेची औषधं शोधत फिरतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीत ते लिहिलेलं नाही. ती आधी करून घ्या.

आणि याच कारणासाठी तुमच्या कपाटातला अश्वगंधाचा डबा सध्या बंद ठेवा.

अश्वगंधा, आपल्याकडचं आस्कंद, झोपेसाठी आजच्या घडीला सर्वांत जास्त अभ्यासलेली आपली वनस्पती आहे. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘सोम्निफेरा’ म्हणजेच झोप आणणारी. २०२१ साली पाच चाचण्यांमधल्या ४०० जणांची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हा फायदा दिसला, पण थोडा. रोज ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्क आणि निदान आठ आठवडे, अशा ठिकाणी तो जास्त स्पष्ट होता. घरी वापरायचं साधं चूर्ण म्हणाल तर प्रमाण दिवसाला तीन ते सहा ग्रॅम, दुधातून. ज्यांचं अंग वाळलेलं आहे, जे दमून गेलेत आणि दमूनही झोपू शकत नाहीत, अशांना ती फार छान लागू पडते. आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या माणसांना मी ती मनापासून देते. पण अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. तुम्ही आधीच बाहेरून ते घेताय. दोन्ही मिळून पारडं जास्तीकडे झुकलं तर रात्री दोनची जाग एकला येईल. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्या विरळ आहेत, तरी डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर औषध तिथेच थांबवायचं. गरोदर बाईने तर घेऊच नये. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली. मी त्या टोकाला जाणार नाही, पण ‘वनस्पती आहे, काय होणार’ असं समजणाऱ्यांनी ही बातमी लक्षात ठेवावी.

डबा उघडून एकदा वास मात्र घ्या. चांगल्या मुळीच्या चूर्णाला तबेल्यासारखा उग्र वास असतो, नावच त्यावरून पडलंय. लेबलवर ‘मूळ’ असं लिहिलेलं हवं. पानं मिसळलेला माल बाजारात येतो, तो घेऊ नये.

सर्पगंधाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ही खरी, ताकदवान औषधी वनस्पती आहे आणि म्हणूनच काकूंच्या सांगण्यावरून घ्यायची नाही. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मानसिक आजारांवर तिचा उपयोग लिहून ठेवला. १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा त्यांचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. नंतरच्या वर्षांत त्याची दुसरी बाजू दिसली. मेंदूतल्या नसांच्या टोकांशी जी रसायनं साठवलेली असतात, तो साठाच रिसर्पीन रिकामा करतं. माणूस शांत होतो, झोपतो, आणि काही जण हळूहळू खोल निराशेत जातात. नाक चोंदतं, नाडी मंदावते, पोटात आम्ल वाढतं. परिणाम चढायला दिवस लागतात आणि उतरायलाही. तुमची बीपीची गोळी चालू आहे. वर सर्पगंधा घेतलीत आणि रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडलात, तर मांडीचं हाड मोडेल. माझ्या एका रुग्ण आजोबांचं असंच झालं. तीन आठवडे ते रोज दोन गोळ्या घेत होते, कुणालाही न सांगता. झोपेसाठी सर्पगंधा मी वर्षातून एक-दोघांना देते, तीही बीपी मोजून, आणि घरात आधी कुणाला मानसिक आजार आहे का ते विचारून.

खुरासनी ओव्याचंही असंच. झोपेच्या काही तयार गोळ्यांमध्ये तो असतो. नाव ओव्यासारखं असलं तरी स्वयंपाकघरातल्या ओव्याशी त्याचा काही संबंध नाही, तो धोत्र्याच्या कुळातला आहे. तोंड कोरडं पडणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, म्हाताऱ्या माणसांत बरळणं, हे सगळं त्याने होतं. गोळीच्या डबीवर बारीक अक्षरात ‘पारसिक यवानी’ दिसलं तर समजा तोच.

आता अंगणातली तगर. तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. काही वर्षांपूर्वी एक बाई पिशवीतून फांदी घेऊन आल्या होत्या. पांढरी, चक्रासारखी फुलं, गडद चकचकीत पानं, आणि तोडलेल्या टोकातून गळणारा पांढरा चीक पिशवीच्या तळाशी चिकटलेला. कुठेतरी त्यांनी वाचलं होतं की तगर झोपेवर चांगली, म्हणून मुळं उकळून प्यायचा त्यांचा विचार होता. ती देवपूजेची तगर. ज्या तगराने झोप येते ती वेगळी, हिमालयातली, तिला बाजारात गंठी तगर म्हणतात. ते जेमतेम गुडघ्याएवढं झुडूप, आणि औषधात येते ती त्याची गाठाळ, घाणेरड्या मोज्यांसारख्या वासाची मुळी. युरोपात ज्याला व्हॅलेरियन म्हणतात त्याची ही सख्खी बहीण. तेव्हा अंगणातली फुलं देवाला वाहा, मुळं उकळू नका. आणि गंठी तगराबद्दलही खरं ते सांगायचं तर व्हॅलेरियनवर भरपूर चाचण्या होऊन निकाल उलटसुलटच आलेत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात निद्रानाशासाठी ते वापरू नये असंच सुचवलं. माझा अनुभव त्याहून थोडा बरा आहे, पण झोप लागायला वेळ लागणाऱ्यांमध्ये. तुमच्यासारख्या मध्येच जागं होणाऱ्यांना फारसा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

एकाच नावाखाली दोन वनस्पती असण्याचा हा गोंधळ ब्राह्मी आणि शंखपुष्पीतही आहे. कोकणात पाणथळ जागी जमिनीलगत पसरणारी गोल पानांची ती मंडूकपर्णी, आणि जाड, छोट्या पानांची, पाण्याकाठची ती नीरब्राह्मी. दोन्हींना लोक ब्राह्मीच म्हणतात. दोन्ही मनाला निवांत करतात, पण झोपेचं औषध म्हणून मी त्यांच्याकडे पाहत नाही.

मला स्वतःला झोपेसाठी सगळ्यात आवडणारी वनस्पती जटामांसी. हातात घेतली तर तांबूस-करड्या केसांच्या गुंत्यासारखी दिसते, म्हणून जटा. वास जड, ओल्या मातीचा, आणि हाताला दिवसभर राहतो. मनात एकच विचार घोळत राहतो, अंग तापल्यासारखं वाटतं, जाग आल्यावर छातीत धडधडतं, अशा बाईला ती फार चांगली. तुमची लक्षणं तिच्याशी जुळतात. काढा करू नये, उकळलं की तिचा सुगंधी भाग उडून जातो. चहाचा एक सपाट चमचा भरड कपात घ्यायची, वर उकळतं पाणी ओतायचं, बशी झाकायची, पंधरा मिनिटांनी गाळून कोमट प्यायचं, झोपण्याआधी तासभर. चव कडू आहे. साखर घालू नका, गरज वाटली तर बडीशेप घाला.

पण दोन अटी. जटामांसीनेही बीपी थोडं उतरतं आणि गुंगीच्या गोळीचं बळ वाढू शकतं, म्हणून टीएसएच आणि श्वासाची तपासणी झाल्यावर, गोळी कमी व्हायला लागल्यावर, आणि जवळच्या वैद्यांना नाडी-बीपी दाखवूनच सुरू करा. दुसरी अट माझ्या मनाची आहे. ही वनस्पती साधारण ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर, नेपाळ-उत्तराखंडच्या कुरणांत वाढते, मुळासकट उपटावी लागते आणि पुन्हा उभी राहायला वर्षं घेते. जगभरात ती अतिसंकटग्रस्त मानली गेली आहे. शांपूत, अगरबत्तीत तिचा चुराडा होताना बघून मला वाईट वाटतं. गरज आहे तेवढेच दिवस घ्या. मी सहा आठवड्यांपुढे सहसा देत नाही.

दुबईला यातलं काही नेऊ नका. जटामांसीच्या सीमापार व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, विमानतळावर उगाच अडचण होईल. त्याहून महत्त्वाचं, खसखस चुकूनही नेऊ नका. आपण झोपेसाठी खसखशीची खीर करतो, मसाल्यात, अनारशावर घालतो, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या अमली पदार्थांत धरतात आणि थोड्याशा खसखशीसाठी माणसं तुरुंगात गेली आहेत. अनारसे, कांदा-लसूण मसाला, गरम मसाला नेणार असाल तर त्यात ती नाही ना, बघून घ्या. तुमची क्लोनाझेपामही तिथे नियंत्रित औषध आहे. जाण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मुलाला आजच कळवा, हे ऐन वेळी होत नाही.

तिकडे नेता येईल असं म्हणाल तर काशाची वाटी न्या. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन पुसायचे, तळव्याला चमचाभर तूप किंवा खोबरेल तेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांकडे, मग गोल गोल, प्रत्येक पायाला दहा मिनिटं घासायचं. हे आपल्या हाताने नको, दुसऱ्याने करावं. यजमानांना सांगा, त्यांनाही तुमचं घोरणं थांबलेलं हवंच असेल. तळवा काळा पडतो तो अंगातली उष्णता निघाल्यामुळे असं घरोघरी म्हणतात. खरं तर काशातल्या तांब्याची तुपाशी, घामाशी क्रिया होऊन तो रंग येतो. पण पाय हलके होतात, डोळे जड होतात, हे मी शेकडो माणसांत बघितलंय. वाटी फिरवून झाल्यावर तळवे नीट पुसा आणि मोजे घाला, नाहीतर फरशीवर पाय घसरेल.

आता जायफळ. मोठ्यांसाठी सहाणेवर दुधात किंवा तुपात तीन-चार वळसे, म्हणजे चिमटीएवढं. पुरणपोळीनंतर येणारी सुस्ती काही अंशी त्याचीही असते. लागायला वेळ घेणारी झोप आणि सोबत पोटात गुबारा, अशा वेळी हे चांगलं. तुम्हालाही आठवड्यातून दोन-तीनदा चालेल. पण ‘जास्त घेतलं तर जास्त झोप’ हे जायफळाच्या बाबतीत फार धोक्याचं आहे. अख्ख्या एका जायफळाएवढी पूड पोटात गेली तर तोंड सुकतं, छाती धडधडते, भास होतात, आणि तो त्रास दिवसभर पुरतो.

नातवाला मात्र नको. आपल्या आज्यांच्या हाताला वळशाचा अंदाज होता, हे मला मान्य आहे, माझ्या आजीनेही मला गुटी उगाळून दिलीय. पण जायफळाचा जोर फळागणिक बदलतो, साठवणीत त्याला बुरशी चटकन लागते, आणि सात महिन्यांच्या बाळाचं वजन सात-आठ किलो. शिवाय पुष्कळ घरांत ते मधातून चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. या वयात बाळ रात्री दोन-तीनदा उठतं, दात येत असतात, भूक लागते. संध्याकाळी तेलाने हलक्या हाताने मालिश, कोमट पाण्याची अंघोळ, रोज त्याच वेळेला अंधार. दुबईत खोलीचा एसी फार गार नाही ना ते बघा. ताप, चिडचिड, दूध सोडणं असं काही असेल तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

तुमच्यासाठी शेवटचं, आणि हे औषधाइतकंच मनावर घ्या. दोनला जाग आली की घड्याळ बघू नका, फोन तर मुळीच नको. वीस मिनिटं झालीत असं वाटलं की अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, वाती वळा, स्वेटर विणा, डोळे जड झाले की परत जा. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळेलाच उठा, दुपारी आडवं होऊ नका. सुरुवातीचे आठ-दहा दिवस जड जातील. जुनाट निद्रानाशासाठी अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये गोळ्यांच्याही आधी ज्या उपचाराची शिफारस केली, तो अशाच सवयींवर आणि विचारांवर बांधलेला आहे. दुपारी तीननंतर चहा बंद. घामासाठी सुती गाऊन, आणि उशाशी सुती टॉवेल, म्हणजे कपडे बदलायला दिवा लावावा लागणार नाही. घाम फारच असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, त्यावर त्यांच्याकडे चांगले उपचार आहेत.

टीएसएच, बीपीच्या आठवडाभराच्या नोंदी आणि घोरण्याबद्दल यजमान काय म्हणतात ते कळवा. मग जटामांसी सुरू करायची का आणि किती, ते आपण ठरवू.